लाइट ड्युटी

नीलिमाच्या डाव्या पायावर ग्राइंडर पडला, तेव्हा ग्राइंडरच्या मालकिणीनं घाबऱ्याघुबऱ्या पहिला प्रश्न विचारला तो असा: "फुटला तं नाई ना वो?"

तिला पाय म्हणायचं नव्हतं. तिला ग्राइंडर म्हणायचं होतं.

ग्राइंडर फुटला नव्हता. तो आदिलाबादेतून नवाकोरा घेतलेला, पोटात दगडाचं भांडं असलेला, वजनाला एखाद्या वासराएवढा होता आणि गाडीत माणसं दांड्याला लोंबकळत असताना तो खिडकीशेजारच्या सीटवर ऐटीत बसून बोथला निघाला होता. बायकांना सरकारनं बसप्रवास फुकट केला आहे. ग्राइंडरला अजून केलेला नाही. एवढी साधी गोष्ट कंडक्टर या नात्यानं नीलिमा त्या बाईंना समजावून सांगत होती. बाईंचं म्हणणं होतं की ग्राइंडर बाईमाणसाचाच आहे, त्यालाही फुकटचं झिरो तिकीट फाडा. हा मुद्दा गाडीतल्या बऱ्याच जणींना पटलाही होता. तेवढ्यात गुडीहत्नूरच्या अलीकडे एक म्हैस रस्त्यात आली, ड्रायव्हर नागेशनं ब्रेक मारला, आणि ग्राइंडरनं सीट सोडली.

नागेशनं गाडी दवाखान्याकडे वळवायची म्हटलं तर मागून दोन-तीन आवाज आले. "आधी आमाले बोथले सोडून द्या ना भाऊ. बाई काई पळून नाई जाऊन राह्यली." हे मात्र खरं होतं. त्या दिवशी नीलिमा कुठंच पळून जाण्यासारखी नव्हती. शेवटी नागेशनं तिला एका जीपमध्ये बसवून आदिलाबादला पाठवलं.

पायाच्या पंजातली दोन हाडं मोडली होती. ऑपरेशन झालं, आत प्लेट आणि स्क्रू बसले. डॉक्टर म्हणाले, "नशीबवान आहात, घोटा वाचला." दवाखान्यात जो तो तिला नशीबवान म्हणत होता. ज्यांचे दोन्ही पाय धड होते, ते जास्त म्हणत होते.

घरी आल्यावर पाय दोन उशांवर ठेवून नुसतं पडून राहायचं होतं. हे काम वाटतं तितकं सोपं नसतं, कारण माणूस पडलेला दिसला की कॉलनीला उभं राहवत नाही. रोज कोणी ना कोणी यायचं. शेजारचे सुधाकरराव, रिटायर्ड हेडमास्तर, पहिल्याच दिवशी खुर्ची ओढून पायाशी बसले आणि त्यांच्या नागपूरच्या साडूच्या पायाची कथा त्यांनी सुरुवातीपासून सांगितली. साडूच्या पायात अशीच प्लेट घातली होती. ती आत सरकली. मग दुसरं ऑपरेशन. मग पू.

"मग?" नीलिमानं विचारलं.

"मग काय, आता काठी घेऊन चालते बिचारा. तुमी मात्र टेन्शन घेऊ नका," असं सांगून, चहा घेऊन, ते समाधानानं गेले.

नवरा अमरदीप जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत मास्तर. त्यानं स्वयंपाक हाती घेतला. म्हणजे सकाळी खिचडी आणि संध्याकाळी सकाळचीच खिचडी. पण त्याच्या खिचडीची कीर्ती शाळेपासून थेट इंद्रवेल्लीच्या त्याच्या बहिणीपर्यंत पोचली. नीलिमा बारा वर्षं पहाटे उठून स्वयंपाक करून ड्युटीला जात होती, तेव्हा इंद्रवेल्लीहून कोणाचा फोन आला नव्हता. आता फोन येत होते. "दादा लई करून राह्यला तुह्यासाठी. नशीब काढलं तू." पायावर ग्राइंडर पाडून घेऊन नशीब काढता येतं, हे तिला नव्यानंच कळत होतं.

सासू बयनाबाई मात्र फार बोलली नाही. ती बाजारात गेली आणि बकऱ्याचे पाय घेऊन आली. पायाला पाय लागतो, हा तिचा सरळ हिशेब. रोज सकाळी वाटीभर तिखट रस्सा समोर यायचा. नीलिमा म्हणाली, "आत्याबाई, डॉक्टरांनी दूध-अंडी सांगतलं."

"डॉक्टरले काय मालूम बकऱ्याचं," बयनाबाई म्हणाली. "पे."

ती प्यायली. चवीला तो रस्सा खिचडीपेक्षा बरा होता, एवढं डॉक्टरांच्या माघारी कबूल करायला हरकत नाही.

प्लास्टर निघालं त्या दिवशी नीलिमा रडली. दुखत नव्हतं. पण आतून जो पाय निघाला तो तिचा वाटेना. पोटरी सुकलेली, कातडी मेलेली, पंजावर लांब आडवा वण. हा पाय कोणा दुसऱ्याचा चुकून आपल्याला लावला आहे असं तिला वाटलं, आणि ज्याचा असेल त्याची कीव आली.

मग आली भाग्यलक्ष्मी. दवाखान्यातली व्यायाम शिकवणारी मुलगी. तेलुगू वळणाचं हिंदी बोलणारी, हसतमुख, आणि दुसऱ्याच्या दुखण्याला जराही न भिणारी. तिनं जमिनीवर टॉवेल पसरला. "अक्का, इसको पाव की उंगल्यां से पकडके उठाव."

नीलिमानं पाहिलं. उभ्या आयुष्यात तिनं माणसांनी गच्च भरलेल्या गाडीत या टोकापासून त्या टोकापर्यंत तिकिटं फाडली होती, दारुड्यांना खाली उतरवलं होतं, एकदा तर भैंसा गावच्या बाजाराहून येणाऱ्या गाडीत एका बाईचं बाळंतपण होता होता राहिलं होतं. आणि आता एक टॉवेल तिच्याकडे बघून हसत होता. बोटं हलेनात. जोर लावून लावून तिच्या कपाळावर घाम आला. टॉवेलला सुरकुतीसुद्धा पडली नाही.

"सूपर, अक्का," भाग्यलक्ष्मी म्हणाली. तिला सगळंच सूपर वाटायचं.

टॉवेल एकदाचा उचलला गेला, तेव्हा चालण्याची पाळी आली. वॉकर धरून नीलिमा अंगणात उभी राहायची, उजवा पाय पुढं टाकायची आणि डावा हवेत धरून ठेवायची. तो खाली टेकला की आतल्या स्क्रूंचा कडकड आवाज होऊन सगळा पाय पसरेल, अशी तिची खात्री होती. सुधाकररावांच्या साडूनं ती खात्री चांगली पक्की करून ठेवली होती. अमरदीप शाळेतल्या आवाजात म्हणायचा, "डॉक्टर म्हणाले ना टेकवा? मग टेकव ना!" मास्तरकीत हे बरं असतं, एक गोष्ट मोठ्यानं पुन्हा सांगितली की ती शिकवली असं धरता येतं.

एका सकाळी तो शाळेत गेल्यावर बयनाबाई अंगणात आली. तिनं वॉकर उचलला, भिंतीला लावून ठेवला, आणि नीलिमाच्या समोर दोन्ही हात पुढं करून उभी राहिली.

"आत्याबाई, पडीन मी."

"पडशीन तं माह्या अंगावर पडशीन. काऊन भेऊन राह्यली? टेकव पाय."

म्हातारीचे हात खडबडीत होते आणि हलत नव्हते. नीलिमानं डोळे मिटले आणि पाय टेकवला. कळ थेट डोक्यात गेली, पण आत काही मोडलं नाही. ती तशीच उभी राहिली. मग दुसरं पाऊल. तुळशीच्या चौथऱ्याच्या जागी त्यांच्याकडे शेजाऱ्यांच्या कुंपणाला लागून बोधिवृक्षाचं रोप लावलेलं होतं. तिथवर दोघी समोरासमोर, हात धरून गेल्या. कुंपणापलीकडून सुधाकरराव बघत होते. "सावकाश, सावकाश! माह्या साडूनं अशीच घाई केली होती."

"त्याले सांगजा," बयनाबाई मागं न बघता म्हणाली, "रस्सा पेत जाय म्हनावं."

काठी सुटली तेव्हा नीलिमा डेपोत हजर झाली. डेपो मॅनेजर साहेब भले माणूस. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली आणि लगेच तिचं भलं केलं: बसस्टँडच्या चौकशी खिडकीत लाइट ड्युटी. दिवसभर बसायचं, माइकवर गाड्या सांगायच्या, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. घरात आनंदीआनंद झाला. अमरदीपनं तर हे काम कायमचं करून मिळावं म्हणून कोणाकोणाला भेटायचं तेही ठरवून टाकलं. तिला विचारायचं तेवढं राहिलं.

खिडकीतलं काम खरोखरच हलकं होतं. माणूस यायचा, डोक्यावर हाताएवढ्या अक्षरांत लिहिलेला फलक असायचा, त्याकडे न बघता तो विचारायचा, "बोथची गाडी कवा हाय?" ती सांगायची. तो मान हलवायचा, दोन पावलं जायचा, एका पानवाल्याला तोच प्रश्न विचारायचा, आणि पानवाल्यानं चुकीची वेळ सांगितली की निश्चिंत होऊन बाकावर बसायचा. गाडी निघून गेली की भांडायला मात्र खिडकीशी यायचा.

संध्याकाळी घरी येऊन नीलिमा सवयीनं पाय चोळत बसायची. पाय दुखत नव्हता. दुसरंच काहीतरी दुखत होतं. समोरून नागेशची गाडी फलाटावर लागायची, दुसरीच कंडक्टर दारात उभी राहून "इच्चोडा, बोथ, इच्चोडा, बोथ" ओरडायची, आणि गाडी निघून जायची. याच गाडीत तिनं वर्षानुवर्षं शिव्या घालत ड्युटी केली होती. घाम, धूळ, सुट्ट्या पैशांची भांडणं, झिरो तिकिटासाठी आधार कार्डाची उलटी बाजू दाखवणाऱ्या बायका. या सगळ्याची आपल्याला आठवण येते आहे हे लक्षात आल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. भूल उतरायला एवढे महिने लागतात की काय, अशी शंकाही आली.

तिनं अमरदीपला सांगितलं. तो थक्क झाला. "अवं, लोक देव पाण्यात घालून बसतात अशा ड्युटीसाठी! बसल्या जागी पगार!"

"मंग तुमी बसा तिथं," ती म्हणाली.

"तुह्या पायासाठीच सांगून राह्यलो ना."

"पाय माहा आहे ना? बारा वर्षं मी गाडीत उभी होती, तवा तुमाले पायाची काळजी नाई वाटली. आता बसली तं वाटून राह्यली."

स्वयंपाकघरातून बयनाबाईचा खोकल्यासारखा आवाज आला. ती हसत होती.

मला परत गाडीवर पाठवा म्हणून ती डेपोत गेली, तेव्हा मॅनेजर साहेबांनी तिला केबिनच्या दारापासून टेबलापर्यंत चालून दाखवायला सांगितलं. ती चालली. "थोडा लंगडाती है," ते म्हणाले.

"साहेब, आपली बोथची गाडीबी थोडी लंगडतेच. तिले कुठं तुमी लाइट ड्युटी देली?"

साहेबांनी डॉक्टरांनी दिलेला फिटनेसचा कागद पाहिला, तिच्याकडे पाहिलं, आणि सही केली. चौकशी खिडकी त्यांना रिकामी ठेवावी लागणार नव्हती. त्या खिडकीसाठी देव पाण्यात घालून बसलेले खरोखरच बरेच होते.

पहिल्या दिवशी नागेशनं गाडी पुसून ठेवली होती. "या ताई. तुमच्याबिगर गाडीत मजा नाई," तो म्हणाला. तो नव्या कंडक्टरलाही असंच म्हणत असणार, पण ऐकायला बरं वाटलं. गुडीहत्नूर येईपर्यंत गाडी गच्च भरली आणि पाय ठणकायला लागला. कंडक्टरच्या सीटवर एक जाडजूड बाई मांडीवर पिशव्या घेऊन बसली होती. तिचं नाव रुख्मिणी, हे तिच्या आधार कार्डावरून कळलं.

"मावशी, उठा. हे माह्यी सीट आहे."

"बसू दे ना बाई. माह्ये गुडघे गेले."

"माह्या पायात प्लेट आहे."

"मले शुगर आहे."

यावर मागून एक जण म्हणाला की त्याच्या किडनीत खडा आहे. एकीनं पोटाचं ऑपरेशन सांगितलं. बघता बघता सगळ्या गाडीनं आपापलं दुखणं बाहेर काढलं. जो तो दुसऱ्याचं ऐकून न ऐकल्यासारखं करत होता. शेवटी नीलिमानं वाकून बूट काढला, मोजा काढला आणि वण असलेला पाय त्या बाईसमोर धरला. पुढच्या दोन-तीन सीटवरची माणसं वाकून वाकून बघायला लागली.

रुख्मिणीबाईनं वण पाहिला. बोट लावून पाहिला. "आई वो. कशानं झालं?"

"ग्राइंडरनं."

बाईनं पिशव्या पोटाशी घेतल्या आणि ती खिडकीकडे सरकली. "बस. अर्धी तू, अर्धी मी."

मोठं मन आहे हो. माझीच सीट मला अर्धी देतेय, असं नीलिमाच्या अगदी ओठावर आलं होतं. पण पाय ठणकत होता. ती बसली. दोघींचे खांदे एकमेकींत रुतले, आणि इच्चोड्यापर्यंत तिनं बसूनच तिकिटं दिली. माणसं कुरकुरत का होईना, तिच्याकडे येत होती. बारा वर्षांत हे करून बघायचं तिला का सुचलं नाही, याचा ती विचार करत राहिली.

इच्चोड्याला रुख्मिणीबाई उतरायला उठली. गुडघे खरंच गेले होते. दाराच्या दांड्याला धरून ती पायरीवर थांबली, एक पाय खाली सोडला, जमीन लागेना, पुन्हा वर घेतला. मागचे "चला, चला" करायला लागले. नागेशनं हॉर्न वाजवला.

नीलिमा दाराशी गेली. तिनं बाईच्या पिशव्या घेतल्या, दंड धरला.

"थांबा ना नागेशभाऊ! पाय टेकू द्या तिचा."

बाई उतरली. पिशव्या खाली दिल्या. बाईनं धूळ झटकली, वर बघितलं आणि म्हणाली, "हळू जात जाय, बाई."

"रैट, जाऊ द्या," नीलिमा ओरडली.