पेल्यातलं पितळी बटण

मी बटण बोलतोय. शर्टाचं नव्हे हं! ती हलकीफुलकी मंडळी वेगळी. मी रखवालदाराच्या जाड कोटाचं पितळी बटण, आणि सध्या माझा मुक्काम मटणाच्या फ्रीझरमध्ये आहे. कोटाचं बटण मटणाशेजारी काय करतंय, असं तुमच्या मनात आलं असेल. तेच सांगतो. मात्र मध्ये झाकण उघडू नका, गार हवा बाहेर जाते.

माझा जन्म साच्यातला. एका दमात शेकडो भावंडं जन्मली आणि दुसऱ्याच दिवशी पांगली. मला एका बर्फाच्या कारखान्यातल्या रखवालदाराच्या कोटावर शिवलं, वरून दुसरं. माणूस सरळ होता, पण त्याला एक खोड होती. विचारात पडला की मला पिळत बसायचा. पिळून पिळून माझ्या पाठीची कडी तुटली आणि मी त्याच्या खिशात जाऊन पडलो.

कारखान्याला सुट्टी असली की मध्येच वीज जायची, यायची. मालक विचारायचे, "बर्फ वितळला होता का?" आणि सगळे कामगार छताकडे बघायचे. तेव्हा माझ्या रखवालदारानं एका काचेच्या पेल्यात पाणी गोठवलं आणि बर्फावर मला ठेवलं. वीज गेली, पाणी झालं की मी तळाला. परत वीज आली तरी मी खालीच गोठलेला. मग छताकडे बघून उपयोग नसायचा.

"बर्फ फार साळसूद असतो," तो लेकीला सांगायचा. "वितळतो, परत गोठतो, आणि काही झालंच नाही असं तोंड करून बसतो. बटण मात्र एकदा बुडालं की बुडालं."

तीच लेक आता माझी मालकीण. लग्न होऊन ती शेळ्या-कोंबड्यांच्या शेतावर आली. वडील गेल्यावर कोट कुणाला तरी देऊन टाकला, मला ठेवून घेतलं. नवरा दूरच्या गावी नोकरीला, त्यामुळे शेतावर ती आणि तिचा दीर. मटण, कोंबडी कापून, पाकिटं सील करून, गोठवून ती दर रविवारी शहरातल्या शेतकरी बाजारात विकते. फ्रीझरमधला पेला उचलून बाजारच्या बर्फपेटीत ठेवायचा आणि माझ्यासकट न्यायचा, हा तिचा नेम.

बाजारात लोक गोठलेल्या मटणाला घाबरतात. भाजी दाबून बघता येते, मासा डोळ्यांवरून कळतो. या दगडाचं काय बघायचं? माझी मालकीण कंटाळा न करता समजावते. "पाकीट मटणाला घट्ट चिकटलेलं हवं. आत भुसभुशीत बर्फ साचला असेल तर घेऊ नका. कडा पांढरट कोरड्या पडल्यात का बघा. आणि रक्ताचं पाणी एकाच कोपऱ्यात गोठलेलं दिसलं, की समजा एकदा वितळून गेलंय." आणि शेवटी माझा खेळ. पेला कानाजवळ धरून तिरपा करते. मी गुळगुळीत बर्फावरून घसरतो आणि काचेवर आपटतो, टिण्ण! लोक हसतात, दोन पाकिटं जास्त घेतात. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांत एक शाळेतल्या बाई होत्या. त्यांच्या यजमानांची किडनी बदललेली. सगळे त्यांना सर म्हणत. अंगात प्रतिकार करायची ताकद राहू नये अशीच त्यांना औषधं चालू, नाहीतर शरीर नवी किडनी नाकारतं. साधं पोट बिघडलं तरी दवाखाना. डॉक्टरांनी मटणाचं सूप द्यायला सांगितलं होतं, पण खात्रीच्या जागेवरचंच. ती खात्रीची जागा म्हणजे आम्ही. बाई दर रविवारी दोन पाकिटं न्यायच्या, आधी "वाजवा तुमचं बटण," म्हणायच्या आणि मगच पिशवी उघडायच्या.

आता त्या आठवड्याचं सांगतो.

गुरुवारी मालकीण आजारी बहिणीकडे गेली. पहिल्यांदाच फ्रीझर दिरावर सोपवला. "भाऊजी, बाकी काही नाही केलंत तरी चालेल, पण याच्याकडे लक्ष ठेवा," असं दोनदा बजावून गेली. भाऊजी मनानं वाईट नाही, पण एक काम करताना दुसरं डोक्यातून जातं. दुपारी त्यानं खुराड्याची जाळी कापायला यंत्र काढलं. शेडमध्ये प्लग एकच. माझ्या फ्रीझरचा काढला, यंत्राचा लावला. जाळी झकास बसवली, यंत्र पुसून ठेवलं आणि शीळ घालत निघून गेला.

पत्र्याची शेड आणि उन्हाळ्याचे दिवस. संध्याकाळपर्यंत काही जाणवलं नाही. शुक्रवारी माझ्या पाठीला ओल लागली. मी ओरडावं तरी कसं? दुपारी बर्फ कडेनं सुटला, मी तिरका झालो, आणि संध्याकाळी बुडालो. तळातून मला पाकिटं दिसत होती. आधी मऊ झाली, मग एकमेकांवर कलंडली. शनिवारी सकाळी भाऊजीनं झाकण उघडलं आणि त्याच्या तोंडून नुसता "आई गं!" एवढाच आवाज आला.

त्यानं झटक्यात प्लग लावला. मग डोकं धरून बसला. वहिनीला फोन लावला, पहिली घंटा वाजताच कापला. "सगळं परत दगड होईल," तो मला म्हणाला, खरंच मलाच म्हणाला, "कुणाला कळतंय?" मग पाण्यात बोटं घालून त्यानं मला बाहेर काढलं. दुपारी पेल्यातल्या पाण्यावर पापुद्रा धरला तसा घाईघाईनं मला वर ठेवलं. पापुद्रा दबला, कडेनं पाणी वर आलं आणि माझ्याभोवती गोठलं. मी वर होतो, पण जखडलेला. भाऊजी कधी बाजारात आलाच नव्हता. बटण वर दिसायला हवं, एवढंच त्याला ठाऊक. ते वाजायलाही हवं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मालकीण शनिवारी रात्री उशिरा परतली. रविवारी पहाटे बर्फपेटीही त्यानंच भरली. "वहिनी, तुम्ही दमून आलाय, चहा घ्या सावकाश." मालकीण कौतुकानं म्हणाली, "आज सूर्य कुठून उगवलाय, भाऊजी?" तो हसला नाही. पेला ठेवून त्यानं वहिनीकडे बघितलं. मला वाटलं आता बोलेल, आता बोलेल. त्यानं झाकण लावलं.

बाजारात पहिल्याच बाई आल्या. त्या दिवशी नेमक्या घाईत.

"बाहेर गाडी थांबवलीय हो. सर रात्रीपासून म्हणतायत, आज सूप हवं. भूक लागली म्हणाले, किती दिवसांनी! द्या पटकन."

"बटण वाजवू ना?"

"वर दिसतंय ना? मग झालं. तुमच्याकडे काय बघायचं!"

मालकिणीनं वरचीच दोन पाकिटं दिली. मी पेल्यात चडफडत होतो. दर रविवारी फुशारक्या मारणारा मी, आणि ज्या दिवशी गरज होती त्या दिवशी नुसता शोभेला बसलेला.

बाई गेल्या आणि टोपीवाले एक काका आले. पहिल्यांदाच आले होते, चेहऱ्यावर संशय. "हे ताजं कशावरून?" मालकिणीचं सगळं पाठ होतं. बोलत बोलत तिनं पेला कानाशी नेला आणि तिरपा केला.

मी हललो नाही.

तिनं परत केला. मग जोरात. काका म्हणाले, "काय हो, काय ऐकायचंय?" तिनं नखानं माझी कड उचकटून बघितली. माझ्यावर बर्फाची पातळ साय होती. पेटीतलं एक पाकीट तिनं काढलं, उजेडात धरलं. लाल पाणी एका कोपऱ्यात गोठलेलं. दुसरं काढलं. तेही तसंच.

तिचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. वडिलांचा कोट देऊन टाकला तेव्हा एकदाच तसा पाहिला होता.

"काका, आज काही नाही," ती म्हणाली. "सगळं वितळून गेलंय. कुणालाच नाही देणार." पेटी बंद केली आणि शेजारच्या मधवाल्याला सांगितलं, "दादा, कुणी कितीही मागितलं तरी उघडू नका."

"अहो, पण कुठे निघालात?"

ती केव्हाच धावत सुटली होती, पेला हातातच. मी बर्फात रुतलेला, हिंदकळत. फाटकापाशी गाडी नव्हती. बाईंना फोन लावला, कुणी उचलेना. घर माहीत होतं, एकदा सर दवाखान्यात असताना पाकिटं पोचवली होती. दोन रस्ते, एक पूल, मग तीन मजले. लिफ्ट बंद. दुसऱ्या मजल्यावर तिला धाप लागली, तिथे कुठूनतरी कुकरची शिट्टी ऐकू आली आणि ती मटकन खालीच बसली. मग उठली.

दार बाईंनी उघडलं, हात ओले. "अगंबाई, तुम्ही?"

"शिजवलंत का? बाई, मटण शिजवलंत का?"

"कुकरमध्ये भात आहे. मटण आत्ता पाण्यात बर्फ सुटायला ठेवलंय. का हो?"

मालकीण भिंतीला टेकली. "देऊ नका सरांना. माझ्याकडे फ्रीझर बंद पडला होता. मला आत्ता कळलं."

बाई स्वयंपाकघरात गेल्या, पातेलं घेऊन आल्या. एका पाकिटाची कड सुटी झाली होती. दोघींनी वाकून वास घेतला आणि दोघींनी एकदमच मान मागे केली.

आतून सरांचा आवाज आला, "सूप झालं का गं?"

बाईंनी पातेलं खाली ठेवलं. मालकिणीकडे वळल्या. "मी त्यांना हे पाजणार होते," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्या भरवशावर."

"उकळलं तर चालेलही कदाचित. पण तो जुगार मला तुमच्या घरात खेळायचा नाही. चुकलं माझं, बाई. न वाजवता दिलं."

बाईंनी पाकिटं पिशवीत घालून तिच्या हातात दिली आणि दार लावून घेतलं. रागानं आपटलं नाही, नुसतं लावलं. मला वाटतं, आपटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर तिनं पेला भाऊजीसमोर ठेवला. तो रडला. "वहिनी, मला वाटलं तुम्ही परत कधी विश्वास टाकणार नाही."

"म्हणून गप्प बसलात? एक माणूस मेला असता, भाऊजी!"

त्यानं एकट्यानं खड्डा खणला. फ्रीझरमधला अख्खा माल त्यात गेला.

पुढचा रविवार आम्ही घरीच काढला. त्यानंतरच्या रविवारी नवा माल गेला आणि सोबत भाऊजीही. मालकिणीनं त्यालाच पेला धरायला लावला. जो येईल त्याला त्यानं स्वतः सांगायचं, की माझ्या हातून काय झालं होतं. पहिल्यांदा सांगताना त्याचे कान लाल झाले. काही गिऱ्हाइकं वळून निघून गेली. टोपीवाले काका मात्र थांबले.

बाई आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मालकीण बोलायची एकाशी आणि नजर फाटकाकडे.

चौथ्या रविवारी आल्या. नमस्कार नाही, गप्पा नाहीत. पाकीट उचललं, उलटं केलं, चारही कोपरे उजेडात धरून बघितले. दुसरं बघितलं, ठेवलं. मग भाऊजीच्या हातातून पेला घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला स्वतः हातात धरलं. कानाशी नेऊन तिरपा केला.

मी जीव खाऊन घसरलो. टिण्ण!

त्यांनी आणखी एकदा वाजवून पाहिलं. मग पिशवी उघडली आणि एक पाकीट घेतलं. पूर्वी दोन न्यायच्या.

"सर कसे आहेत?" मालकिणीनं विचारलं.

"बरे आहेत," बाई म्हणाल्या. जाता जाता थांबल्या. "पुढच्या रविवारी बघू दुसऱ्या पाकिटाचं."

त्या दिवसापासून मी फुशारकी सोडली. वय झालंय, चकाकी गेलीय, एका बाजूला नखाचा ओरखडा आहे. आमच्या बाजारात आलात तर माझ्या मालकिणीकडे बघून पाकीट उचलू नका, तिला त्याचा राग येणार नाही. मी वर बसलोय एवढ्यावरही जाऊ नका. वर मी त्या दिवशीही होतो. पेला हातात घ्या, आणि आधी मला वाजवून बघा.