चंद्राबाईची भांग

देवाप्पाला झाडाझुडपांचा नाद कधीच नव्हता. त्याची सगळी उमेद बेंगळूरच्या मल्लेश्वरमकडच्या सूतगिरणीत गेली, आणि त्याआधीची कोवळी वर्षं निपाणीच्या तालमीत. पण गिरणी सुटली, पाठोपाठ चंद्राबाईनं अंथरूण धरलं, आणि राजाजीनगरातल्या त्या लहानशा घराच्या परसात या गड्यानं भांगेची दोन झाडं लावली. बायकोसाठी.

चंद्राबाईच्या पोटात गाठ होती. इस्पितळातल्या डॉक्टरांनी तपासून झाल्यावर देवाप्पाला बाजूला घेतलं आणि सांगितलं, कापण्यात आता अर्थ नाही, घरी न्या, चार घास आवडीचे खाऊ घाला. ते घासच तर उतरत नव्हते. भाकरी थापल्याचा वास आला तरी तिला मळमळायचं. कळा सुरू झाल्या की डोळ्याला डोळा लागायचा नाही. मग गावाकडच्या वैद्यांनी भांगेचं बी दिलं आणि पानं तुपात परतून, गुळात कालवून गोळी कशी करायची ते दाखवलं. गुण आला. संध्याकाळची गोळी घेतली की थोड्या वेळानं चंद्राबाई हाक मारायची, "अवो, आंबील हाय का वाईच?" हे एवढं ऐकण्यासाठी देवाप्पा दिवसभर तिष्ठत असायचा.

परवाना वगैरे काही नव्हता. त्यानं झाडांभोवती जुन्या लुगड्याचा आडोसा केला होता, तरी शेजारच्या सुलभाला ते कळलं होतंच. ती पुण्याची, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेली. नवरा उमाकांत सरकारी कारखान्यात इंजिनियर. दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत होती आणि बोलणं बेताचं. "त्या परसाकडे बघूसुद्धा नकोस," असं उमाकांतनं तिला बजावलं होतं. "उद्या एक्साइजचा माणूस आला तर साक्षीला आपल्याला ओढतील."

अठ्ठावन्न सालचा उन्हाळा बेंगळूरच्या मानानं कडक होता. मार्चच्या अखेरीला भांगेची पानं निस्तेज दिसायला लागली. कुणी वरून बारीक मीठ भुरभुरवावं तसे पांढरट ठिपके. मग शेंड्यांवर जाळी धरली, रेशमासारखी तलम. देवाप्पाला वाटलं, कोळी झालेत. रोज सकाळी तो बोटानं जाळी काढायचा, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथंच असायची. कोळी मात्र एकही दिसायचा नाही.

त्याच सुमारास मलेरियाच्या डासांसाठी घरोघर डीडीटी फवारणारी माणसं आली. देवाप्पानं त्यातल्या एकाला गूळपाणी दिलं, गोड बोलून मागं नेलं आणि दोन्ही झाडं वरपासून खालपर्यंत भिजवून घेतली. "आता बगतो कोन ऱ्हातंय," असं म्हणत तो समाधानानं घरात गेला.

राहिले ते सगळेच. उलट पंधरवड्यात कीड इतकी मातली की पानं तांबूस पडून गळायला लागली आणि एक झाड तर जाळ्यात गुरफटून गेलं. चांगली पानं वेचून, तीनतीनदा धुऊन देवाप्पा गोळी करत राहिला. पण चंद्राबाईला गोळी पोटात ठरेना. ती उलटून टाकायची आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आंबिलीचं नावही निघेना.

अशा एका सकाळी भिंतीपलीकडून हाक आली. सुलभा उभी होती, हातात घेवड्याचं पान.

"मामा, तुमच्या झाडांवर कीड आहे ना? ती माझ्या घेवड्यावर आलीय."

देवाप्पाचा चेहरा उतरला. आता ही नवऱ्याला सांगणार, आणि तो आणखी कुणाला. "अक्का, मी काय मुद्दाम..."

"मी भांडायला नाही आले हो," सुलभा घाईनं म्हणाली. "मी काल हेब्बाळच्या शेतकी कॉलेजात जाऊन आले. पान घेवड्याचंच दाखवलं, दुसरं काही बोलले नाही. हे साधे कोळी नाहीत. लाल कोळी म्हणतात या किडीला. डोळ्यांना जेमतेम दिसते. पानाच्या खालून रस शोषते. हे बघा."

तिनं उमाकांतचं भिंग पुढं केलं. देवाप्पानं पानाच्या पाठीवर ते धरलं आणि तो एकदम मागं सरकला. राईच्या दाण्याहून बारीक जीव, नुसती वळवळ. आजवर तो पानांच्या वरच्या बाजूवरून हात फिरवत होता, आणि सगळा संसार खाली चालला होता.

"औषध मारलंत का काही?"

"व्हय की. मलेरियावाल्यांचं. चांगलं न्हाणून काढलं."

"मामा, या किडीला खाणारे लहान भुंगे असतात, ठिपक्यांचे. डीडीटीनं ते मेले, आणि ही उरली. म्हणून एवढी वाढली." मग तिच्या लक्षात आलं आणि तिचा आवाज बदलला. "ही पानं मामींना नाही ना दिली?"

देवाप्पा तिथंच दगडावर बसला. ज्या हातांनी गोळी केली त्या हातांकडे बघत राहिला. भिंत ओलांडता येत नव्हती म्हणून सुलभा पुढच्या दारानं फिरून आली. तिनं चंद्राबाईजवळ बसून विचारपूस केली, भाताची पेज करून आणली आणि इस्पितळातल्या डॉक्टरांना सगळं सांगून या म्हणून देवाप्पाला पिटाळलं. डॉक्टरांनी येऊन पाहिलं. पोटात फार गेलेलं दिसत नाही, म्हणाले, पण ती फवारलेली पानं आता बंद.

ते गेल्यावर देवाप्पानं उशाशी बसून बायकोला खरं काय ते सांगून टाकलं. "म्या तुला इख घातलं, चंद्रे."

चंद्राबाईच्या सुकलेल्या ओठांवर हसू आलं. "चाळीस वर्सं तुमचं घोरनं ऐकून मेले न्हाई, ह्येनं मरतीय व्हय? उठा. त्या पोरीला इचारा, झाड कसं वाचवायचं. मला झोप पायजे."

सुलभानं सांगितलं तसं देवाप्पानं केलं. जाळ्यात गुरफटलेलं झाड उपटून जाळलं. दुसऱ्याची सगळी जुनी, विष बसलेली पानं खुडून काढली, नुसते खराटे उरेपर्यंत. मग साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून एकेक फांदी पुसली. येणारी नवी पालवी रोज खालच्या बाजूनं पाण्यानं झोडपून काढायची होती. पण देवाप्पाच्या नळाला धार अशी नव्हतीच.

हे सगळं उमाकांतला कळलं तेव्हा तो चिडला. "मी काय सांगितलं होतं तुला?"

"एकदा येऊन मामींना बघ," सुलभा म्हणाली, "आणि मग रागाव."

तो आला. दारातूनच त्याला चंद्राबाई दिसली. कळ आलेली होती, लुगड्याचा बोळा तोंडात धरून ती आवाज दाबत होती. उमाकांत आत न येता परत फिरला. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून येताना त्यानं हातभर लांबीची तांब्याची नळी आणली. तिचं टोक वाकवलेलं होतं आणि त्याला बारीक भोकं पाडलेली होती. आपल्या परसातल्या नळाला रबरी पाइप लावून त्यानं ती नळी भिंतीवरून देवाप्पाच्या हातात दिली.

"झाडाखाली धरा. पाणी वर उडेल, बरोबर पानाच्या पाठीवर. आणि तो लुगड्याचा आडोसा जरा उंच करा," एवढंच म्हणून तो आत गेला.

त्यानंतर रोज सकाळी देवाप्पा उकिडवा बसून पालवी धुवायचा आणि पलीकडे सुलभा घेवडा. तो भिंगातून बघायचा आणि ओरडून सांगायचा, "अक्का, आज स्वल्पच हाईत!" कधी चार दिवस निवांत जायचे आणि पुन्हा एखाद्या शेंड्यावर जाळी दिसायची. मग दोघंही पुन्हा कंबर कसायची. मधल्या काळात चंद्राबाईचे हाल झाले ते झालेच. डॉक्टरांची औषधं अर्धीमुर्धी लागू पडायची. आषाढ लागल्यावर कुठं झाड पुरतं सावरलं, हिरवंगार, हात लावला की पान करकरीत. सुलभानं भिंगानं पान न् पान पाहिलं आणि मान हलवली, तेव्हाच देवाप्पानं तुपाची कढई चुलीवर ठेवली.

त्या संध्याकाळी चंद्राबाईनं आंबील नाही, भाकरी मागितली. सुलभाच्या घेवड्याच्या भाजीबरोबर तिनं अर्धी भाकरी खाल्ली, सावकाश, प्रत्येक घास घोळवत. मग ती झोपली. देवाप्पा दाराशी बसून तिचा श्वास ऐकत होता आणि मनातून घाबरत होता, की हे असंच टिकेल का.

दिवाळीपर्यंत टिकलं. त्या महिन्यांत चंद्राबाई ओसरीवर येऊन बसायची, सुलभाला आंबील करायला शिकवायची, तिच्या पुणेरी बोलण्याची नक्कल करून हसायची. उमाकांतला ती "जावईबापू" म्हणायची आणि तो लाजायचा. मग एका दुपारी जेवून ती आडवी झाली, ती उठली नाही.

दिवस झाल्यावर देवाप्पा भिंतीशी येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे कोरडे.

"अक्का," तो म्हणाला, "जाताना तिच्या पोटात अन्न व्हतं. पोटभर जेवली व्हती."

सुलभा फिरून त्याच्या दाराशी आली, त्याला हाताला धरून आपल्या घरी घेऊन गेली. उमाकांत नुकताच जेवायला बसत होता. त्यानं सरकून आपल्या शेजारी जागा केली आणि सुलभानं दुसरं ताट वाढलं.