झोपेच्या वेळेची सभा

आमच्या बिस्किट कारखान्याच्या कामगार समितीत सात जागा. आजवर मशीनवाल्यांची मतं जास्त, म्हणून सातही जागा त्यांच्याच. यंदा नियम बदलला: ज्या गटाला जितकी मतं, त्या प्रमाणात जागा. मशीनवाल्यांना तीन मिळाल्या, पॅकिंगवाल्यांना तीन आणि आम्हा लेकुरवाळ्यांना एक. त्या एका जागेवर मी.

"एका जागेचं काय लोणचं घालणार?" नवरा म्हणाला. तो मशीनवाला, आपल्या गटाचा कट्टर.

मला फक्त पाळणाघर वाचवायचं होतं. जुन्या समितीने त्या खोलीचं गोदाम करायचा घाट घातला होता. घरी लेकीला बघायला कुणी नाही. खोली गेली की माझी नोकरीही गेलीच.

अध्यक्ष निवडायची वेळ आली आणि तीन विरुद्ध तीन असा पेच पडला. मशीनवाल्यांचे पुढारी, सगळ्या कारखान्याचे मामा, एरवी मला ओळखही दाखवत नसत. ते जेवणाच्या सुट्टीत शेजारी येऊन बसले. "पोरी, तू तर आपल्या घरचीच." पॅकिंगवाल्यांच्या पुढारी ताईंनीही पाठीवरून हात फिरवला. खोली राहील, असं दोघांनी वचन दिलं. माझी मात्र झोप उडाली. बोलाचीच कढी निघाली तर?

शेवटी म्हटलं, "सभा पाळणाघरातच घ्या. भर दुपारी. आधी खोलीचा ठराव, मग अध्यक्ष."

दुपारी पोरं झोपलेली असतात. बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला टेकवून आम्ही कुजबुजत होतो. मामांचा आवाज मशीनच्याही वर चढणारा. आजवर सभा त्याच जोरावर जिंकलेल्या. त्यांना राहवेना.

"पण माल ठेवायचा कुठे?" ते गरजले.

माझ्या लेकीने दचकून भोकाड पसरलं. मी उठेपर्यंत मामांनीच तिला उचललं. "गप गं माझी बाय, मामाच मेला वाईट." थोपटत ते येरझाऱ्या घालू लागले. ती त्यांच्या खांद्यावर पुन्हा निजली.

"खोली राहावी असं वाटणाऱ्यांनी हात वर करा," ताई पुटपुटल्या.

सहा हात वर गेले. मामांचे दोन्ही गुंतलेले.

"माझाही धरा गं," ते नुसत्या ओठांनी म्हणाले.

अध्यक्षपदासाठी मी ताईंना मत दिलं. गोदामाची कल्पना मुळात मामांची. ती कधीही पुन्हा डोकं वर काढेल.

संध्याकाळी नवरा फुरंगटून बसला. "घरभेदी!"

मी लेकीला त्याच्या मांडीवर ठेवलं. "मग हिला काय खोक्यांवर रचून ठेवायचं होतं?"

तो तिचे मोजे काढत बसला.