उजव्या दारामागची बाई

मी एक जुने कपाट आहे, मित्रांनो. मला दोन दारे आहेत. डावे घट्ट बसते. उजव्याची बिजागरी सैल आहे, त्यामुळे ते आपोआप उघडते. माझ्या मालकाची बायको गेल्याचे कळले त्या दिवशीही ते असेच उघडे होते. मालक तिच्यासाठी घेतलेला जाड कोट आत टांगत होता. किमतीची चिठ्ठी त्याने काढली नव्हती. तिला बसला नाही तर दुकानात बदलून मिळणार होता.

फोन वाजला. त्याची मेहुणी होती.

"भाऊजी, कुठे आहात? आधी बसा बघू."

"काय झालं ते सांग."

"ताई गेली, भाऊजी. सकाळीच."

तो बसला नाही. त्याने कोटाचे वरचे बटण लावले, खांदे सारखे केले आणि माझे दार लोटले. दार पुन्हा उघडले. त्याने पुन्हा लोटले. फोनमधून मेहुणी "भाऊजी, अहो भाऊजी" म्हणत राहिली आणि हा माझ्या दाराशीच झटत राहिला.

मी त्या बाईला कधी समोरासमोर पाहिले नाही. तरी ती माझ्याकडे राहत होती, असे म्हटले तर खोटे होणार नाही.

मला एका सुताराने आपल्या बहिणीच्या संसारासाठी बनवले. "दोन दारं केलीत, म्हणजे नवरा-बायकोत भांडण नको," असे तो म्हणाला होता. त्या घरात माझे चांगले दिवस गेले. मला दर वर्षी पॉलिश मिळे, आणि आल्यागेल्याला माझे कौतुक ऐकवले जाई. पुढे घरातली म्हातारी माणसे गेली, मुलांनी नवे फर्निचर घेतले आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात जाऊन पडले. गिऱ्हाईक यायचे, दार उघडायचे, नाक मुरडायचे आणि निघून जायचे.

मग हा आला. हा आपला देश सोडून इथे आलेला, लॉण्ड्रीत इस्त्री करायचा. दुकानदार त्याला म्हणाला, "एकट्या माणसाला एवढं धूड कशाला? आत झोपणार आहेस का?"

"एकटा नाही. बायको आणि मुलगी यायच्यात. त्यांची सोय आहे असं दाखवावं लागतं."

ते खरेच होते. परदेशात आपली माणसे आणायची तर नुसती माया पुरत नाही, हे मला त्याच्या खोलीत राहून समजले. खोली ठरलेल्या मापाची हवी, तिला खिडकी हवी, पगार नियमित हवा. लग्न खरे आहे हे पटवून द्यायला हवे. शेवटी येणाऱ्या माणसांची डॉक्टरांकडून तपासणी. एक अट पुरी केली की दुसरी दारात उभी. तो मात्र चिकाटीचा होता. त्याने मोठी खोली घेतली, जादा पाळ्या केल्या आणि माझी उजवी बाजू बायकोसाठी मोकळी ठेवली.

ती बाजू हळूहळू भरू लागली. तिकडून कोणी ओळखीचे यायला निघाले की ती त्याच्या बॅगेत आपले एक-दोन कपडे सरकवायची. फोनवर म्हणायची, "मी येताना सामान आणणार नाही. तुमच्या लाडक्या लेकीचा हात धरायला माझा हात मोकळा नको?"

दिवसभर लोकांच्या कपड्यांवर इस्त्री फिरवून आलेल्या माणसाला घरी कपड्याकडे बघवत नाही. आलेला ड्रेस तो तसाच टांगायचा.

मी मात्र पाहत होते. दुसरे मला काम काय होते? पहिले कपडे होते तसेच होते. पुढच्यांची कंबर आत घेतलेली होती. त्यानंतरच्यांचे खांदेही. तिचा हात शिवणात चांगला होता, टाके बारीक होते. वरून काही कळत नसे, पण आतल्या बाजूला दुमडलेले कापड दर खेपेला वाढत होते. खिडकी उघडी असली की ते कपडे दांडीवर हलायचे. एकच बाई रांगेत अनेकदा उभी आहे आणि दर वेळी थोडी थोडी संपते आहे, असे ते दिसे. मित्रांनो, मी लाकूड आहे. तरी मला भीती वाटे.

एक दिवस, जिथे त्याने अर्ज केला होता त्या सरकारी कचेरीतल्या तपासनीस बाई खोली बघायला आल्या. त्यांनी भिंती मापल्या, खिडकी उघडून पाहिली. तेवढ्यात माझे उजवे दार उघडले.

"हे काय?" त्या म्हणाल्या. "अर्ज बायकोला आणायचा, आणि घरात आधीच एक बाई राहते?"

याच्या तोंडचे पाणी पळाले. "मॅडम, तिचेच आहेत. कपडे पुढे आलेत, ती मागून येणार आहे."

"बघू. लावा त्यांना फोन."

फोनवर तिचा चेहरा आला. शाल गळ्यापर्यंत ओढलेली होती. बाईंनी विचारले, "तुमच्या कपाटात काय काय आहे, सांगता?"

तिने न अडखळता सगळे सांगितले. हिरवा ड्रेस, त्याचे एक बटण वेगळे. निळा, त्यावर लेकीने शाई सांडलेली. राखाडी स्वेटर, कोपरावर रफू. बाई एकेक हँगर सरकवत राहिल्या. शेवटी त्यांनी परवाच आलेला पिवळा ड्रेस हिरव्याला लावून धरला.

"हा बराच लहान आहे हो. तुमचाच ना?"

तिने शाल आणखी वर ओढली. मग म्हणाली, "माझाच. परदेशात राहायचं म्हणजे जरा सडपातळ नको का दिसायला?"

बाई हसल्या. माझा मालक तर डोळे पुसेपर्यंत हसला. लग्न खरे आहे, असा शेरा त्याच दिवशी मिळाला. आता फक्त तिची तपासणी राहिली होती.

ती झालीच नाही. शेवटचा निरोप देऊन परत आल्यावर त्याने मेहुणीला फोन लावला. "तू तिथेच होतीस. मला का नाही सांगितलंस?"

"तिनं शपथ घातली होती, भाऊजी. डॉक्टरांकडे चल म्हटलं की चिडायची. एकदा कागदावर आजार लागला की अर्ज अडकतो, असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं होतं. आधी तिकडे पोचते, मग दाखवते, म्हणायची."

तो कचेरीत गेला. आल्यावर त्याने मेहुणीला जे सांगितले तेच मी ऐकले. "मी विचारलं त्या मॅडमना, आजार निघाला असता तर नाही म्हणाला असता का? म्हणाल्या, नाही हो. उपचाराचे कागद मागितले असते. एवढंच."

मग त्याने माझी उजवी बाजू उघडली. सगळे कपडे आले त्या क्रमाने पलंगावर मांडले, उलटे केले आणि शिवणींवरून बोट फिरवत गेला. पिवळ्या ड्रेसपाशी पोचल्यावर त्याचे बोट तिथेच राहिले.

सगळे त्याने पुन्हा जसेच्या तसे टांगले. आता दार उघडले तर तो ते लावत नाही.

हल्ली मुलीशी बोलताना तो तिला फोनसमोर उभी करतो. "वळ. जवळ ये. जीभ दाखव."

"बाबा, मी काय गाय आहे का?"

"खोकला आहे?"

"थोडासा. पण तपासणीत सांगायचा नाही ना?"

"सांगायचा!" तो असा ओरडला की माझी दांडी थरथरली. "पहिल्यांदा सांगायचा. मला, मावशीला, डॉक्टरला. कागद गेला खड्ड्यात."

मित्रांनो, मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे. दूरच्या माणसाला "बरी आहेस ना?" एवढे विचारून फोन ठेवू नका. त्याच्याकडे नीट बघा. आणि तुम्हालाच दुखत असेल तर कोणत्याही अर्जासाठी ते लपवू नका.

मुलीचा वेगळा अर्ज त्याने दिला आहे. तिच्या कपड्यांना जागा हवी, म्हणून उजवी बाजू रिकामी करायची आहे. ती अजून झालेली नाही.