माझ्या झाकणाचं रबर

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे, आणि माझ्या झाकणाला रबर नाही. पूर्वी होतं. ते कसं गेलं, हे सांगायला बसले की आजही माझ्या बिजागऱ्या थरथरतात.

मला घडवलं ते नळाची कामं करणाऱ्या एका मिस्त्रींनी. मोडीत निघालेल्या पाण्याच्या टाकीचा पत्रा त्यांनी कापला, ठोकला, वळवला. आत चार कप्पे केले, बाहेरून हिरवा रंग दिला. नळाच्या कामाचं सामान दमट हवेत खराब होतं, म्हणून झाकणाच्या आतल्या कडेला चारही बाजूंनी काळ्या मऊ रबराची पट्टी बसवली. झाकण लावलं की 'फप्' असा आवाज यायचा आणि मग हवासुद्धा आत शिरायची नाही. त्या आवाजाचा मला फार अभिमान होता.

तीस वर्षं मी मिस्त्रींच्या हातात लोंबकळत घरोघरी गेले. एकदा एका शाळेच्या तळघरात मोठा नळ फुटला होता. मुख्याध्यापिका बाकावर चढून उभ्या होत्या आणि खाली पाण्यात वह्या तरंगत होत्या. मिस्त्री दारात दिसले तेव्हा त्या ओरडल्या, "आली बाई पेटी!" माणसाच्या आधी माझं नाव घेतलं! असे दिवस होते ते.

पुढे मिस्त्री थकले. त्यांनी दुकान बंद केलं आणि एक जुनं चाकांवरचं घर घेतलं. गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचं घर. दोन बाकं, एक शेगडी, एक मोरी, आणि बाकाखाली ऐंशी लिटर पाण्याची चपटी टाकी. आता ते मिस्त्री राहिले नव्हते, आजोबा झाले होते. त्यांच्याबरोबर आजी होत्या. दोघांनी ठरवलं, उरलेलं आयुष्य फिरत काढायचं.

निघण्याआधी आजोबांनी मला रिकामं केलं. मोठी अवजारं विकली. वाटेत पाइप फुटला, नळ गळला, सांधा सुटला तर जे लागेल तेवढंच आत ठेवलं. नळाच्या आट्यांना गुंडाळायची पांढरी टेप, वॉशरची पुडी, पाइप आवळायचा लोखंडी क्लॅम्प, भेगा बुजवायच्या पुटीची कांडी, करवतीचं पातं, रबराचा तुकडा, पाना, सुरी, तारेचं वेटोळं... मोजून सतरा वस्तू. "ही पेटी प्रसंगासाठी आहे," ते आजींना म्हणाले. "यातलं कुणी मागितलं तरी द्यायचं नाही. माळावर पाइप फुटला की शेजारी नसतो."

त्या दिवसापासून एक नेम सुरू झाला. पहाटे आजी खिडकीपाशी माळ घेऊन बसायच्या. समोरच्या बाकावर आजोबा मला मांडीवर घ्यायचे, डोळे मिटायचे आणि एकेका वस्तूला बोट लावत सतरापर्यंत मोजायचे.

"झाली तुमची माळ?" आजी विचारायच्या.

"झाली. सतरा. तुझी?"

"एकशे आठ."

मग झाकण लागायचं, 'फप्', आणि चहा व्हायचा. त्या आवाजाशिवाय त्या घरात चहाचं आधण चढत नसे.

मित्रांनो, पहिला धक्का मला बसला तो फिरत्या घरांच्या एका तळावर. आम्ही तिथे दोन महिने मुक्काम केला होता. शेजारच्या घरातल्या बाईंचे यजमान आजारी होते आणि त्यांचा नळ रात्रंदिवस ठिबकायचा. "त्या टपटपीनं ह्यांना झोप नाही हो," असं त्या आजींना सांगत होत्या. आजींचं मन म्हणजे लोणी. आजोबा बाहेर गेलेले पाहून त्यांनी मला उघडलं आणि वॉशरची पुडी काढून दिली. इथपर्यंत ठीक. पण मग त्यांनी शिवणाच्या डब्यातली बटणं घेतली, तशाच कागदात तशीच पुडी बांधली आणि माझ्या कप्प्यात ठेवली!

मी थक्क झाले. बटणं? माझ्या पोटात?

"त्यांचा आकडा चुकायला नको," आजी स्वतःशीच पुटपुटल्या. "उगाच दिवसभर जीव टांगणीला लागायचा त्यांचा. बाजारात गेले की नवी पुडी आणून ठेवीन."

दुसऱ्या दिवशी आजोबांनी डोळे मिटून पुडीला बोट लावलं आणि पुढे गेले. सतरा! मला ओरडावंसं वाटलं. पण पेटीला कुठे तोंड असतं?

मग दाराशी लोक येत राहिले आणि आजी देत राहिल्या. चहावाल्याच्या गळक्या किटलीला पुटीची कांडी गेली. तिच्या जागी साबणाची वडी आली, कागदात गुंडाळून. क्लॅम्प माळ्याच्या पाण्याच्या नळीला गेला. त्याच्या जागी पडद्याची कडी. टेपच्या जागी रिबिनीचं बंडल, रबराच्या तुकड्याच्या जागी तेवढाच जाड पुठ्ठा. आणि करवतीचं पातं गेलं त्या दिवशी तर मी हबकूनच गेले. त्या जागी आजींनी त्यांची जुनी फणी ठेवली. का, तर तिलाही दात असतात!

आजोबांची बोटं रोज फणीच्या दातांवरून फिरत होती. सतरा. फप्. चहा.

आजी खरंच बाजारात जाणार होत्या. पण त्याच आठवड्यात त्यांची लेक चार महिन्यांच्या तान्हुलीला घेऊन आली. लेक बाळंतपणानंतर बरीच आजारी होती, त्यामुळे बाळ पावडरच्या दुधावर होतं. जावई लांब उजाड माळावर पवनचक्क्यांच्या कामावर होता आणि त्यानं बाळाचं तोंड अजून पाहिलं नव्हतं. दोन दिवसांची वाट होती. "आम्हीच पोचवतो तुला," आजोबा म्हणाले. टाकी काठोकाठ भरली आणि आम्ही निघालो. त्या गडबडीत आजी बाजार विसरल्या.

पुढचं सांगताना माझा पत्रा अजूनही गार पडतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही माळाच्या मधोमध होतो. मागचा नळ एका दिवसाच्या वाटेवर, पुढचाही तेवढाच. फोनला रेंज नाही. खडी उडत होती, घर हादरत होतं. बाळ दुधासाठी रडायला लागलं म्हणून आजोबांनी गाडी थांबवली. लेकीनं पातेल्यात पाणी घ्यायला नळ सोडला. नळ नुसता फुसफुसला.

आजोबा खाली उतरले आणि त्यांचा आवाज आला, "अगं! टाकीचा पाइप फुटलाय!"

घराच्या तळाशी, टाकीतून पाइप निघतो अगदी तिथेच, एका दगडानं तो चिरला होता. मागे पाहिलं तर वाटेवर ओली रेघ पार दिसेनाशी होईपर्यंत गेलेली. बंद करायची चावी पाइपच्या पुढच्या टोकाला, म्हणजे तिचा काही उपयोग नाही. खाली भांडं लावावं तर पाणी चिरेतून चहूकडे उडत होतं. आजोबा पाठीवर सरपटत घराखाली शिरले आणि त्यांनी चिरेवर अंगठा दाबून धरला.

"पेटी आण!"

लेकीनं मला खाली मातीत ठेवलं. कडेवर बाळ किंचाळत होतं. घराखालून आजोबांचा एक हात बाहेर आला. तीस वर्षांत ह्या हाताला काही शोधावं लागलं नव्हतं.

"तिसरा कप्पा. क्लॅम्प दे."

लेकीनं तिसऱ्या कप्प्यातली वस्तू त्यांच्या तळहातावर ठेवली. हात आत गेला.

"ही कडी कसली? मस्करी सुचतेय तुला?"

"बाबा, तिथे हेच आहे!"

"बरं, पुटी दे. कागदातली."

हात आत गेला. मग अंगठ्याखालून पाणी साबणावर पडलं असावं, कारण घराखालून पांढरा फेस वाहत बाहेर आला. लेक फेसाकडे बघतच राहिली. "बाबा, हा... साबण आहे."

"आणि पातं?"

"फणी आहे बाबा. आईची."

आजी पायरीवर उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्या तिथेच मातीत बसल्या. "अहो, मी दिलं सगळं," त्या म्हणाल्या. "लोकांना अडलं होतं म्हणून दिलं. आणि तुमचे सतरा भरावेत म्हणून हे ठेवलं."

घराखालून कडी आणि साबणाची वडी बाहेर सरकवली गेली. पाणी ठिबकतच होतं. मित्रांनो, एवढी वर्षं मी नळ फुटताना पाहिले, भिंती पडताना पाहिल्या. पण मातीत पडलेली ती कडी आणि ती वडी! मला वाटलं, मीच आतून फाटतेय.

आजोबा म्हणाले, "माझा अंगठा बधिर होतोय. खरं काय उरलंय ते सांग."

"पाना. सुरी. तार," लेकीनं सांगितलं. बाकीचं होतं तेही ह्या कामाचं नव्हतं.

"तार आहे, पण तारेखाली रबर हवं. नाहीतर पाणी थांबायचं नाही."

लेकीनं चपलेचा तळ कापून पाहिला. जाड, वळेचना. बाळाचा आवाज बसत चालला होता. आणि आजींची नजर माझ्या उघड्या झाकणावर गेली.

त्यांनी सुरी उचलली. मी समजले. माझा 'फप्', माझा मान, माझी कोरडी पोकळी, सगळं त्या पट्टीत होतं. आजींनी माझ्या काठावर हात ठेवला. देवघरातल्या वस्तूवर ठेवावा तसा. "माफ कर गं बाई," त्या म्हणाल्या आणि एका कोपऱ्यापासून रबर सोलायला लागल्या. चिकटवलेली जागा चर्रचर्र करत सुटली. चारही बाजू गेल्या.

आजी स्वतः घराखाली सरपटत गेल्या. आजोबांनी अंगठा काढला, आजींनी रबर गुंडाळलं, आजोबांनी वरून तार पिळली, पुन्हा गुंडाळलं, पुन्हा पिळली. धार बारीक झाली. थेंब झाली. थांबली.

लेकीनं टाकीत काठी बुडवून पाहिली. "चार बोटं आहे!"

चार बोटं म्हणजे बाळाला पुरेल आणि मोठ्यांनी घोट घोट प्यायलं तर त्यांनाही. पाणी उकळलं, निवलं, बाटली भरली. बाळानं ती तोंडात घेतली आणि तो माळ एकदम गप्प झाला.

आजी खालमानेनं म्हणाल्या, "बोला की मला काहीतरी. निदान ओरडा."

आजोबा अंगठा चोळत होते. "काय ओरडू? तू फसवलंस ते वस्तूमागे एकदा, मी स्वतःला रोज. कितीतरी सकाळी साबणाला पुटी म्हणत आलो. फणीवरून बोट फिरवलं आणि म्हटलं पातं! तीस वर्षांचा मिस्त्री मी." ते माझ्याकडे असे पाहत होते, जणू मला पहिल्यांदाच पाहत आहेत. "मी मोजत होतो. बघत कुठे होतो?"

आजींनी पदराचं टोक पिळलं. मग हळूच म्हणाल्या, "मी तरी काय वेगळं करते? बोटांखाली मणी सरकतात आणि मनात मी भाजी चिरत असते."

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो. जावयानं तान्हुलीला पहिल्यांदा हातात घेतलं, तेव्हा त्याच्या बुटांपाशी टाकीखालून एक थेंब पडला. फक्त एक. माझं रबर अजून धरून होतं.

पुढे आजोबांनी नवा पाइप बसवला. बाजारातून गेलेलं सामान आणून सतराच्या सतरा वस्तू पुन्हा भरल्या, आणि वॉशर, क्लॅम्प, पुटी दुप्पट आणली. जास्तीचं सामान आजींच्या वेगळ्या डब्यात, दारी येणाऱ्यांना द्यायला. दुकानदारानं माझ्या झाकणाकडे पाहून विचारलं, "ह्याला नवी रबराची पट्टी देऊ का?"

"नको," आजोबा म्हणाले. "झाकण सैल असू दे. आत ओल जाईल, गंज धरेल. म्हणजे रोज डोळे उघडे ठेवून बघावं लागेल."

म्हणून, मित्रांनो, मी आज अशी आहे. रंग उडालेली, काठाला तांबूस डाग पडलेली. माझं झाकण आता नुसतं 'खट' वाजतं. पण पहाटे आजोबा चष्मा लावतात, प्रत्येक वस्तू उचलून तिचं नाव घेतात, गंज पुसतात, पुटी मऊ आहे का दाबून पाहतात. समोर आजी एक मणी धरून थांबतात, आणि मन परत आल्यावरच पुढचा सरकवतात. त्यामुळे आमच्याकडे हल्ली चहाला फार उशीर होतो.

तुमच्याही घरात, गाडीत माझ्यासारखी एखादी पेटी असेल. औषधांची असेल, अवजारांची असेल. ती आहे, एवढ्यावर निर्धास्त राहू नका. आज तिला उघडा आणि आत काय आहे ते खरोखर बघा.

माझ्यात आता अठरा वस्तू आहेत. अठरावी ती फणी. आजोबांनी ती काढू दिली नाही. रोज सगळ्यात शेवटी ते तिला उचलतात, उजेडात धरतात आणि स्पष्ट म्हणतात, "फणी."