कचेरीच्या दारात आणलेला रस्ता

त्या मुलखातले रस्ते ढोरांसारखे होते. रात्रभर लोळायचे, कूस बदलायचे, पाणी प्यायला ओढ्यावर जायचे आणि सकाळी भलत्याच डोंगराला टेकून पडलेले सापडायचे. म्हणून प्रत्येक रस्त्याला एक राखणदार असे. त्यानं उजाडताच काठी घेऊन निघायचं, रस्त्याला ढोसत, शिव्या देत सरळ करायचं आणि एक टोक गावात, दुसरं बाजारात आणून ठेवायचं. मग व्यापाऱ्यांचे तांडे निघायचे.

निळीच्या रस्त्याची राखणदार होती ताई. सगळा बाजार तिला ताईच म्हणायचा, पण ती खरी ताई एकीचीच. तिची धाकटी बहीण वर पठारावर, तीस घरांच्या वस्तीत नीळ पिकवायची. आई गेल्यावर ताईनंच तिला कडेवर वाढवलेलं. वस्ती आणि बाजार यांच्या मधलं रान रोज जागा बदलायचं, त्यामुळे रस्ता नसला तर वस्ती कुठे आहे हे देवालाही सांगता आलं नसतं.

आणि आज तो रस्ता खोडला जाणार होता.

"वर्ष आज संपतंय, ताई," नकाशे-कचेरीचे साहेब वहीतून मान वर न काढता म्हणाले. "सात परक्या माणसांनी तुडवला नाही, तर रस्ता मेला. किती चालले?"

"मी चालते. रोज."

"राखणदाराचे पाय धरत नाहीत. वस्तीतल्यांचेही नाहीत."

"परके सगळे नव्या पुलावरून जातात. आणि पूल तुमच्या मेहुण्याचा."

साहेबांना एकदम खोकला आला. चारही कारकून आपापल्या दौतीत बघू लागले. दौतीत बघण्याचा त्यांना सराव होता. दोन वर्षांपूर्वी मिठागराचा रस्ता असाच खोडून मोकाट सोडला, तो रानात निघून गेला, आणि तिथली माणसं पुन्हा कुणाला दिसली नाहीत. त्यांचं काय झालं, हे कचेरीत कुणी विचारत नसे.

"माझी बहीण आहे तिकडे, साहेब."

"मग तिला खाली राहायला बोलवा."

"विहिरी, शेतं आणि म्हातारी माणसं डोक्यावर घेऊन?"

"कचेरी बंद व्हायच्या आत सात जण आणा," साहेब म्हणाले. "नाहीतर मी रेघ मारणार."

ताई बाजारभर फिरली. तिनं तांडेवाल्यांच्या हातापाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. कुणाच्या बैलाचा खूर दुखत होता, कुणाच्या सासूबाई येणार होत्या. "उद्या नक्की येतो, ताई," प्रत्येक जण म्हणाला. पुलाच्या मालकाशी वाकडं घ्यायची एकाचीही छाती नव्हती. शेवटच्या माणसाकडून परतताना ताईला रडू येत होतं, पण वेशीपाशी पोचेपर्यंत रडण्याचा संताप झाला. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे तिला इतक्या उशिरा सुचावं याचाच तिला जास्त राग आला.

वेशीत तिचा रस्ता पडला होता. सारखा उपाशी, म्हणून हडकलेला, मधोमध गवत माजलेलं.

"ऊठ रे मढ्या," ती म्हणाली आणि तिनं काठी हाणली.

भर बाजारातून तिनं रस्ता हाकला. मैलाचे दगड खडखडत होते, भाजीवाल्या टोपल्या उचलून बाजूला पळत होत्या, निळसर धूळ सगळ्यांच्या नाकात जात होती. तिनं रस्ता कचेरीभोवती फिरवला, मागच्या खिडकीखालून काढला आणि टोक पुढच्या पायऱ्यांवर ठेवलं. मग आपण पिंपळाखालच्या ओट्यावर जाऊन बसली.

पहिला बळी आपण होऊन आला. साहेबांचा मेहुणा रोज संध्याकाळी बुद्धिबळाला यायचा. खालमानेनं, मिशी कुरवाळत तो पायऱ्या चढला.

"एक!" ताई ओरडली.

आत गलका झाला. "कुणीही बाहेर पडायचं नाही!" साहेब गरजले. सुटायची घंटा झाली, तरी कारकून खुर्च्यांना चिकटून बसले, त्यामुळे कचेरी काही बंद होईना. अंधारायला लागलं. शेवटी शिपाई उठला आणि त्यानं शांतपणे वहाणा घातल्या.

"नोकरी जाईल तुझी!"

"जाऊ दे. माझी आई मिठागराची होती," शिपाई म्हणाला आणि दोन्ही पाय दाबून रस्त्यावर उतरला.

त्याच्यामागून कारकून आले, एकेक करत, पण ताठ मानेनं. ताईनं सहा मोजले आणि तिचा आवाज फाटला. साहेबांनी पायऱ्या चुकवायला मागच्या खिडकीतून उडी मारली. खाली काय आहे हे त्यांनी बघायला हवं होतं.

"सात!"

"हे पाय जबरदस्तीचे आहेत!" साहेब धोतर झटकत ओरडले. "धरणार नाही!"

"नियमात 'खुशीनं' असा शब्द नाही, साहेब," म्हातारा कारकून म्हणाला. "बत्तीस वर्षं मीच तो नियम उतरवून काढतोय."

सगळा बाजार जमला होता. साहेबांनी तिथेच वही मागवली आणि 'जिवंत' असं लिहिलं. लेखणी इतकी दाबली की कागद फाटला.

"झालं ना मनासारखं? आता हे दारातून उचल."

"नाही उचलणार." ताईनं काठी रस्त्याच्या टोकावर रोवली. "बाजारात टोक कुठे ठेवायचं ते राखणदारानं ठरवायचं, हाही तुमचाच नियम. रोज येता-जाता तुडवा. कधीतरी वरपर्यंतही या."

"मी? कशाला?"

"खोडायला निघाला होतात ना आम्हाला? मग एकदा तोंडं तरी बघून जा."