ज्याचं कुलूप, त्याची किल्ली

लिफ्टखालच्या खड्ड्यातून धाकट्याने हात वर केला आणि मोठा पाना मागितला. हात तसाच हवेत राहिला.

"दादा, पाना."

"तूच ये आणि घे," वरून दादाचा आवाज आला. नुसतं उभं राहूनही त्याला धाप लागली होती.

धाकट्याने दातओठ खाल्ले. त्याच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यापाशी, मालाची लिफ्ट अंधारात टांगलेली होती. तो शिडीवरून तळघरात आला. दादा भिंतीवरच्या मेन स्विचच्या पेटीला पाठ लावून उभा होता. शर्ट घामाने अंगाला चिकटला होता, नजर जिन्याकडे लागली होती. अवजारांची पिशवी त्याच्यापासून चार पावलांवर होती. चार पावलं! एवढंही या माणसाला आता होत नव्हतं. धाकट्याने मुकाट्याने पाना उचलला आणि पुन्हा खाली उतरला.

एके काळी हाच दादा खड्ड्यात मांजरासारखा उतरायचा. धंदा त्याने उभा केला, धाकट्याला हाताला धरून शिकवलं. पहिला धडा कुलपाचा. जो खड्ड्यात उतरेल त्याने मेन स्विच बंद करायचा, त्यावर स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. ज्याचं कुलूप, त्याची किल्ली. सख्ख्या बापाने मागितली तरी द्यायची नाही. कारण खाली माणूस असताना कुणी शहाण्याने स्विच चालू केला, तर लिफ्ट काही विचारून खाली येत नाही.

पण हा धंदाच मुलखाचा वाईट. कुठे ना कुठे कोणीतरी अडकलेलं असतं आणि फोन केव्हाही वाजतो. दादाने वर्षानुवर्षं ते फोन घेतले. जेवणावरून उठायचं, परत येऊन मिळेल ते उभ्याउभ्या पोटात ढकलायचं, आणि पुन्हा फोन. पोट वाढत गेलं. "पुढची माणसांची लिफ्ट चार जणांची आहे, म्हणजे एकट्या तुमचीच," असं या इमारतीचा वॉचमन म्हणायचा आणि दादाच सगळ्यात मोठ्याने हसायचा. मग एक दिवस तो खड्ड्याच्या तोंडातून आत जाईना, तेव्हा कोणी हसलं नाही.

त्यानंतर विसरणं सुरू झालं. स्वतःच्या कुलपाची किल्ली त्याने हरवली, कुलूप करवतीने कापावं लागलं. नवं आणलं ते धाकट्याने घरच्या कपाटात ठेवून दिलं. तू आता खाली उतरत नाहीस, तुला कशाला हवं, म्हणाला. गेल्या महिन्यात दादाने आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभं राहून वहिनीला फोन केला, घर डावीकडे की उजवीकडे, म्हणून.

वहिनी दोघांनाही ओढत डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी सरळ सांगितलं. वजन, रक्तदाब, साखर आणि वर्षानुवर्षांचा ताण मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या मुळावर उठतात, आपल्याला पत्ता लागत नाही. वजन उतरवा, चाला, पुरेसं झोपा, अजूनही बरंच सावरता येईल. मग त्या धाकट्याकडे वळल्या आणि विचारलं, "आणि तुमची झोप?"

"माझं काय, मी काडीपैलवान," असं म्हणून त्याने विषय उडवून लावला होता. तेव्हापासून सगळे फोन तोच घेत होता. उशीखाली फोन ठेवून तो छताकडे बघत पडायचा. डोळा लागलाच, तर फोन न वाजताही दचकून जागा व्हायचा.

आज सकाळी वहिनीने त्याला दारात गाठलं होतं.

"भाऊजी, आज तुम्हीच सांगा त्यांना, उद्यापासून घरी बसा म्हणून. माझं ऐकायचे नाहीत. एखाद्या दिवशी तुमच्या जिवावर बेतेल."

ते शब्द दिवसभर त्याच्या मानगुटीवर बसले होते. बापाच्या जागी असलेल्या माणसाला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? पण सांगणं भाग होतं. खाली तो, वर हा असा; धाकट्यालाही पोरंबाळं होती.

शेवटचा बोल्ट आवळून धाकटा वर आला. हात पुसले, किल्ली काढली.

"दादा, सरक बाजूला. स्विच चालू करतो. आणि मग जरा बोलायचंय."

दादा सरकला नाही. त्याने धाकट्याकडे एकदा नीट बघितलं, आणि मग हळूच बाजूला झाला.

पेटीच्या कडीत कुलूप नव्हतं.

धाकट्याने रिकाम्या कडीतून बोट फिरवलं. इतका वेळ तो खाली होता आणि वर स्विचचा नुसता एक दांडा, कुणीही उचलावा असा.

"कुलूप कुठंय? काढलंस तू? दादा, मी खाली असताना तू कुलूप काढलंस?"

"किल्ली तुझ्या हातात आहे," दादा म्हणाला. "मी कसा काढीन?"

"मी लावलं होतं. खटका ऐकलाय मी."

"खटका ऐकलास. वर दारात आपल्या स्कूटरच्या पेटीला तेच कुलूप लावून आलास, अवजारं काढल्यावर. मी बघत होतो."

धाकट्याने आठवून बघितलं. खटका आठवत होता, अगदी स्पष्ट. पण तो आजचा की कालचा, हे काही केल्या आठवेना.

"मग बोलला का नाहीस?"

"पहिल्यांदा असं झालं तेव्हा बोललो होतो. तू खेकसलास, तू तुझं डोकं सांभाळ म्हणून. मला वाटलं, खरंच माझ्याच डोक्यात घोळ असेल. कडी हाताने चाचपून बघितली. रिकामीच होती." दादाने कपाळ पुसलं. "तेव्हापासून इथे पाठ लावून उभा राहतो. मागच्या वेळी वॉचमन आला, लाइट गेली म्हणून दांड्याला हात घालत होता. एवढा देह मध्ये आला म्हणून थांबला."

म्हणजे हे आजचं नव्हतं. असं किती वेळा झालं असेल, धाकटा मनाशी मोजू लागला. चार पावलांवरची पिशवी त्याला आता वेगळीच दिसायला लागली. डोळे भरून आले, आणि लाजही वाटली.

"तुला काय बोलायचं होतं?" दादाने विचारलं.

"काही नाही," धाकटा म्हणाला.

मोठा पाना खाली राहिला होता. तो वर स्कूटरपाशी गेला, कुलूप काढून आणलं, पेटीच्या कडीत घातलं, खटका ऐकला, ओढून बघितलं, किल्ली खिशात टाकली. दादा बघत होता. मग धाकटा शिडी उतरू लागला. अर्ध्यावर पाय थांबला. खटका आठवत होता. वरची लिफ्ट काळीकभिन्न दिसत होती.

"दादा, कुलूप लावलं ना रे मी?"

 दादाचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"कसलं कुलूप?" दादा म्हणाला.